माथ्यावरचे रान आणि माणसाची वाट
(नगर नियोजन या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



नगर नियोजन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक रंगीत नकाशा उभा राहतो. निवासी भाग पिवळा, मोकळ्या जागा हिरव्या आणि मधून गेलेले प्रस्तावित रस्ते. हा नकाशा कचेरीच्या भिंतीवर टांगला जातो आणि गाव पुष्कळदा आपल्याच मार्गाने वाढत राहते. घरांचा विषय एका समितीकडे, झाडांचा दुसरीकडे आणि वाहतुकीचा तिसरीकडे अशी वाटणी झालेली असते. अंदाजपत्रकातही या तिघांची शीर्षे वेगळी असतात. नागरिकाच्या आयुष्यात मात्र अशी वाटणी नसते. त्याचे घर कोठे आहे यावर त्याची पायपीट ठरते. पायपीट किती यावर तो वाहन घेईल की नाही हे ठरते. आणि वाहने किती यावर गावातील हवेची व झाडांची अवस्था ठरते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात हे पाहण्यासाठी मोठ्या महानगराकडे जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेल्या माथेरान या लहानशा नगरपरिषदेचा अनुभव त्यासाठी पुरेसा बोलका आहे.

सात चौरस किलोमीटरचे गाव

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, अशी या नावाची फोड सांगितली जाते. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे पठार पाहिले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात त्याला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप आले. बंगल्यांसाठी प्रशस्त जागा आणि बाजारासाठी दाटीची लहान घरे अशी वसाहत तेव्हाच आकाराला आली. नगरपरिषदेचे क्षेत्र सुमारे सात चौरस किलोमीटर, आणि त्यातील मोठा भाग वनाचा. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. परंतु सुट्टीच्या दिवसांत येणाऱ्या पर्यटकांमुळे गावावर पडणारा भार या आकड्यावरून कळत नाही. पाणी, कचरा, शौचालये आणि रस्ते या सर्वांचा हिशेब येथे रहिवाशांच्या संख्येवर मांडून चालत नाही. गर्दीच्या दिवशी गावात किती माणसे असतात, त्यावर तो मांडावा लागतो.

या गावाची सर्वांत मोठी ओळख म्हणजे येथे मोटार चालत नाही. नेरळहून घाटरस्त्याने आलेली वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच-तीन किलोमीटर अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा छोट्या गाडीने कापावयाचे, अशी येथील पूर्वापार रीत. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांना तेवढा अपवाद. ही छोटी गाडी म्हणजे नेरळ-माथेरान रेल्वे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली तिचे काम झाले. १९०७ साली ही सुमारे वीस किलोमीटरची, दोन फूट रुंदीची लोहवाट सुरू झाली. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजी डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत ती वर चढते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या पठारासाठी सार्वजनिक वाहतुकीचे साधन निवडले गेले, ही गोष्ट आजच्या नियोजनकारांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

पुढे ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र शासनाने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. हे क्षेत्र २१४.७३ चौरस किलोमीटरचे आहे. नगरपरिषदेची हद्द सात चौरस किलोमीटरची आणि संवेदनशील क्षेत्र मात्र तिच्या सुमारे तीसपट, ही बाब पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावी. पठाराच्या पायथ्याची, रायगड व ठाणे जिल्ह्यांतील गावे या क्षेत्रात येतात. पठारावर पडणारा पाऊस याच गावांकडे धावतो. २००५ सालच्या अतिवृष्टीत छोट्या गाडीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो पूर्ववत होण्यास २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यात मार्गाची पुन्हा हानी झाली. अमन लॉज ते माथेरान ही वरची फेरी त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली, पण नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्येच धावू शकली. माथ्यावरचे झाड तुटले तर त्याचा परिणाम पायथ्याच्या शेतात दिसतो. म्हणून येथील झाडांचा प्रश्न एकट्या नगरपरिषदेचा राहत नाही.

पर्यावरणाचा भार कोणाच्या खांद्यावर?

मोटार नसल्यामुळे माथेरानची हवा स्वच्छ राहिली, झाडे राहिली आणि शांतता राहिली. पर्यटक येथे येतो तो याचसाठी. परंतु मोटार नसली तरी माणसांना आणि मालाला वर जावेच लागते. वृद्ध, आजारी, अपंग, लहान मुले घेऊन आलेल्या माता या सर्वांना दस्तुरीपासून गावात पोहोचावेच लागते. धान्य, भाजी, स्वयंपाकाचा गॅस, घर दुरुस्तीची वाळू हे सारे घोड्याच्या पाठीवर अथवा माणसाच्या हातांनी वर चढवावे लागे. माणसांसाठी हातरिक्षा होती. एक जण पुढे ओढणारा आणि मागून एक-दोघे ढकलणारे. चढावर, लाल मातीतून, पावसाळ्यात चिखलातून. अशा ९४ हातरिक्षांना परवाने होते.

येथे नियोजनाचा मूळ प्रश्न उभा राहतो. पर्यावरणाचे रक्षण सर्वांसाठी असते, परंतु त्याची किंमत सर्वांनी सारखी दिलेली नसते. माथेरानच्या स्वच्छ हवेचा लाभ पर्यटकाला, हॉटेल मालकाला आणि पायथ्याच्या गावांनाही मिळाला. त्या हवेसाठी घाम मात्र हातरिक्षा ओढणाऱ्याने गाळला. मोटारीला बंदी घालण्याचा निर्णय योग्यच होता. त्या निर्णयाबरोबर मोटारीच्या जागी काय, हा प्रश्न सोडवला गेला नाही, आणि जो प्रश्न कागदावर सुटत नाही तो शेवटी सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंगावर येऊन पडतो. मग त्यालाच व्यवस्था म्हटले जाते आणि वर्षानुवर्षे कोणाला त्यात काही खटकत नाही.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी हा प्रश्न न्यायालयासमोर नेला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालविण्यास अनुमती दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तीन महिने नगरपरिषदेच्या वतीने हा प्रयोग झाला. शाळकरी मुलांना त्यात सवलतीच्या भाड्यात प्रवास करता आला. विद्युत घटावर चालणारी ही रिक्षा धूर सोडत नाही, आवाज करीत नाही आणि तिला चालविणाऱ्याला जनावरासारखे जुंपून घ्यावे लागत नाही. पुढे २०२४ साली न्यायालयाने अशा रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित ठेवली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच देण्यात याव्यात असे सांगितले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तर न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधील केवडिया येथील पद्धतीच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि निधीची कमतरता ही सबब मानली जाणार नाही, असेही त्या आदेशात होते.

या आदेशात न्यायालयाने सायकलरिक्षा ओढणाऱ्यांसंबंधीच्या पंजाबमधील १९८० च्या निर्णयाचे स्मरण केले. त्या प्रकरणात न्यायालयाने केवळ बंदी वा परवानगी यावर न थांबता, चालकाला कर्ज मिळून तो रिक्षेचा मालक कसा होईल याची योजनाच आखून दिली होती. पंचेचाळीस वर्षांनंतर तोच प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे यावा, याचा विचार प्रत्येक स्थानिक संस्थेने करावयास हवा. जे काम सभागृहाच्या ठरावाने व्हावयाचे, ते न्यायालयाच्या आदेशाने करावे लागले.

दुसरी बाजूही तितकीच खरी

ई-रिक्षा आली म्हणजे सर्व प्रश्न मिटले असे मानणे घाईचे ठरेल. माथेरानमध्ये शेकडो घोडे आहेत आणि त्यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. ई-रिक्षेमुळे आपला व्यवसाय बुडेल, अशी भीती अश्वपालांना वाटली आणि तेही न्यायालयात गेले. रस्त्यांवर बसवावयाच्या पेव्हर ब्लॉकचा वादही असाच आहे. ई-रिक्षेला आणि वृद्ध पादचाऱ्याला सपाट रस्ता हवा. पावसात धूप होऊन लाल माती वाहून जाते, ती थांबविण्यासाठीही काही आच्छादन हवे. परंतु गुळगुळीत लाद्यांवर घोड्याचा पाय घसरतो, आणि सर्वत्र लाद्या बसल्या तर पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जाईल व आज ई-रिक्षा आहे तेथे उद्या मोटार येईल, ही शंकाही निराधार म्हणता येत नाही. न्यायालयाने २०२५ च्या आदेशात दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मार्गावर ब्लॉक बसविण्यास मान्यता दिली आणि आतील वाटांवर ते बसवू नयेत असे सांगितले. मुख्य वाट चाकांसाठी आणि रानातल्या वाटा पायांसाठी, असा हा मध्यममार्ग आहे.

नियोजन म्हणजे याच प्रकारचा तोल. एका बाजूस वाहन, दुसऱ्या बाजूस घोडा, तिसरीकडे झाड, चौथीकडे पादचारी. प्रत्येकाची मागणी न्याय्य असते आणि रस्ता मात्र तेवढाच रुंद असतो. अशा वेळी संख्या किती, वेळ कोणती, थांबे कोठे आणि परवाना कोणाला हे चार प्रश्न नीट सोडविले, तर पुष्कळसा संघर्ष टळतो. सरसकट बंदी व सरसकट मोकळीक या दोन्ही सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही शेवटी महाग पडतात.

घराचा प्रश्न

वाहतुकीच्या वादात घराचा प्रश्न मागे पडतो. जागा वाढत नाही आणि कुटुंबे वाढतात, ही डोंगरावरील प्रत्येक गावाची अडचण असते. आजोबांच्या काळचे दोन खोल्यांचे घर तीन भावांत वाटले जाते. संवेदनशील क्षेत्रात नव्या बांधकामावर निर्बंध असतात आणि ते असावयासही हवेत. परंतु निर्बंधांबरोबर कायदेशीर दुरुस्तीची व मर्यादित वाढीची सुलभ वाट ठेवली नाही, तर माणूस रात्रीत पत्रा ठोकतो. त्यातून अनधिकृत बांधकाम उभे राहते, मग नोटीस, मग पाडकाम, आणि अखेर रान वाचत नाही ते नाहीच, शिवाय घरही जाते.

येथेही निवासाचा आणि वाटेचा संबंध पुन्हा समोर येतो. वर घर मिळाले नाही तर कामगार पायथ्याला राहावयास जातो. मग त्याला रोज वर येण्यासाठी वाहन हवे, आणि गाडी पावसाळ्यात नेरळपासून बंद असते. घरबांधणीचा निर्णय टाळला, तर तोच प्रश्न वाहतुकीच्या रूपाने परत येतो.

शासकीय साहाय्याची अडचणही समजून घ्यावयास हवी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात, स्वतः घर बांधणाऱ्या लाभार्थ्यास केंद्राकडून दीड लाख रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. परंतु त्यासाठी जागेवरचा हक्क सिद्ध व्हावा लागतो. ज्याची जागा भाडेपट्ट्याची, सामाईक किंवा नोंदीत चुकलेली, तो पात्र असूनही बाहेर राहतो. म्हणून घरकुलांची यादी करण्यापूर्वी जागेच्या नोंदी दुरुस्त करणे हे नगरपरिषदेचे पहिले काम ठरते. या कामाचे उद्घाटन होत नाही, छायाचित्रही निघत नाही, पण घरे यामुळेच उभी राहतात.

या उलट क्रमाचा एक अनुभव नवी मुंबईचा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आखणी सुरू झाली. घरे उभी राहिली, पण मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू होण्यास १९९२ साल उजाडले. त्या मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा रेल्वेऐवजी सिडकोने उचलला. गाडी आली तेव्हा शहराच्या वाढीला खरा वेग आला. घर आणि गाडी यांचा विचार एकत्र करावा लागतो आणि प्रसंगी एकाच तिजोरीतून त्यांचा खर्च करावा लागतो, हा त्या अनुभवाचा अर्थ.

कायद्याने दिलेली साधने

महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या हाती साधने नाहीत असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजना तयार करणे हे नियोजन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि किमान वीस वर्षांतून एकदा योजनेचा फेरविचार करावा लागतो. शाळा, उद्यान, रस्ता यांसाठी ठेवलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक सूचना देऊ शकतो आणि पुढील विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास ते आरक्षण व्यपगत होते. पुष्कळ गावांतील खेळाची मैदाने कोणी बळकावलेली नाहीत. केवळ तारखा निघून गेल्यामुळे ती हातची गेली आहेत.

१९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन, जमिनीच्या वापराचे नियमन, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण, झोपडपट्टी सुधारणा इत्यादी अठरा विषय नागरी संस्थांपुढे ठेवले. या यादीत वाहनतळ व बसथांबे आहेत, पण बससेवा स्वतंत्रपणे नाही. थांबा नगरपरिषदेचा आणि बस दुसऱ्याची, अशी ही रचना आहे. त्यामुळे परिवहन महामंडळ, रेल्वे आणि शेजारच्या ग्रामपंचायती यांच्याशी बोलणी केल्यावाचून कोणतीही नगरपरिषद वाहतुकीचे नियोजन करू शकत नाही. घटनेने यासाठी जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आहे. तेथे नगरसेवक आणि पंचायत सदस्य एकत्र बसतात. निधीच्या मागणीबरोबर पाणलोट, कचरा व येण्याजाण्याच्या सोयी यांचा संयुक्त आराखडा तेथे मांडला जावा, अशी अपेक्षा आहे.

वृक्षांसाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण स्थापन करावयाचे असते आणि वृक्षगणना करावयाची असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. पण गणनाच झाली नसेल, तर कोणते झाड पन्नास वर्षांचे हे सांगणार कोण? या कामी गावातील शाळेचे मोठे साहाय्य होऊ शकते. विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या प्रभागातील झाडांची नोंद केली, तर प्राधिकरणाला पहिली यादी मिळेल आणि मुलांना आपल्या गावाचा खरा भूगोल.

सभागृहात विचारावयाचे प्रश्न

कोणतीही योजना सभेपुढे आली की सदस्यांनी काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. या घरकुलापासून शाळा, दवाखाना आणि बसथांबा किती अंतरावर आहे? लहान मूल किंवा वृद्ध माणूस ते अंतर सुरक्षितपणे चालू शकेल काय? रस्ता रुंद करताना किती झाडे जातील आणि पदपथ उरेल काय? येथे पडणारे पावसाचे पाणी कोठे जाईल, आणि खालच्या गावाला त्याची कल्पना दिली आहे काय? या निर्णयामुळे कोणाचा रोजगार जाईल, आणि त्याला दुसरा रोजगार मिळण्याची तरतूद याच ठरावात आहे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो सहसा विचारला जात नाही. माथेरानमध्ये तो वेळेवर विचारला गेला असता, तर हातरिक्षा ओढणाऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

माथेरान ही हुतात्मा भाई कोतवाल यांची जन्मभूमी. स्वातंत्र्याच्या लढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापूर्वी ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि परिसरातील गरीब शेतकरी व आदिवासी यांच्यासाठी शाळा व धान्यकोठ्या उभारण्याचे काम त्यांनी केले होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. पठारावर बसून पायथ्याच्या माणसाचा विचार करणारा हा लोकप्रतिनिधी होता. नगर नियोजनाची शास्त्रीय साधने त्या काळी त्यांच्यापाशी नव्हती. पण निर्णयाचा भार कोणावर पडतो हे पाहण्याची दृष्टी होती.

आज साधने आहेत. कायदे आहेत, नकाशे आहेत, उपग्रहाची छायाचित्रे आहेत. प्रत्येक नगरपरिषदेने व ग्रामपंचायतीने आपल्या पुढील सभेत घर, झाड आणि वाट हे तीन विषय एकाच टिपणीत, एकाच नकाशावर मांडून पाहावेत. त्यातून निघणारा आराखडा कदाचित फारसा भव्य नसेल. परंतु त्यातील कोणतीही सोय दुसऱ्या माणसाच्या पाठीवर उभी नसेल, एवढी खात्री तरी त्यातून देता येईल.